कॅमेरा घेण्याआधी स्पेक्ट्रम बघा: साध्या सामानावरची ऑफ-ॲक्सिस डिजिटल होलोग्राफी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून डिजिटल होलोग्राफिक मायक्रोस्कोप उभा केलाय (दोन लेझर बीम एकत्र आणून पडणारे पट्टे कॅमेऱ्याने टिपायचे आणि त्यांतून संगणकात नमुन्याची प्रतिमा काढायची). ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर पॉइंटर, माख-झेंडर मांडणी (लेझर दोन भुजांत विभागायचा: नमुन्यातून जाणारा ऑब्जेक्ट बीम, मोकळा जाणारा रेफरन्स बीम, शेवटी दोन्ही एकत्र), ४०× आणि ०.६५ एनएचं (न्यूमरिकल ॲपर्चर, भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं माप) ऑब्जेक्टिव्ह, लेन्स काढलेला वेबकॅम, नमुना म्हणून कांद्याचा पापुद्रा. पट्टे दिसतात, पण पायथनमध्ये फ्रेनेलचा (प्रकाश पुढे कसा पसरतो त्याच्या गणिताचा) कोड चालवला की मधोमध पांढरा ठिपका येतो आणि फेजच्या (प्रकाशलहर किती मागे-पुढे झाली त्याच्या) चित्रात नुसत्या मुंग्या. गाइड म्हणतात चांगला कॅमेरा घ्या. घ्यावा का? आणि यातून खरंच थ्रीडी मिळतं का?

कॅमेरा इतक्यात घेऊ नका. तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत अडकल्यात, आणि कॅमेऱ्याशी त्यातल्या एकीचाच संबंध आहे, तोही अर्धा. पांढरा ठिपका हिशोबातून येतोय. मुंग्या बहुधा फिकट किंवा हलत्या पट्ट्यांमुळे आहेत. आणि पट्टे किती बारीक आहेत, कुठल्या दिशेने तिरके आहेत, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

आधी हिशोब, कारण तो फुकटात दुरुस्त होतो. ऑब्जेक्टिव्हने नमुन्याची प्रतिमा थेट सेन्सरवर पडत असेल, म्हणजे रेफरन्स बीम झाकल्यावर पापुद्र्याच्या पेशी नेहमीच्या मायक्रोस्कोपसारख्या स्पष्ट दिसत असतील, तर तुमचा होलोग्राम प्रतिमेच्या प्रतलातच नोंदला जातोय. अशा होलोग्रामला फ्रेनेल प्रसरणाची गरजच नाही. नेटवर मिळणारे बहुतेक कोड बिनलेन्सच्या मांडणीसाठी लिहिलेले असतात, त्यात नमुना सेन्सरपासून दहा-वीस सेंटिमीटरवर असतो. तो कोड इथे चालवला की कॅमेऱ्याने नोंदलेली सगळी तीव्रता जशीच्या तशी पुढे सरकते, आणि तिच्यातला पट्टे नसलेला भाग मध्ये ठिपका होऊन बसतो.

कॅमेरा नोंदतो ती तीव्रता. तिच्यात चार पदं असतात: ऑब्जेक्ट बीमची स्वतःची तीव्रता, रेफरन्सची स्वतःची तीव्रता आणि दोघांच्या गुणाकाराची दोन पदं, एकमेकांची संयुग्मी. आपल्याला त्या गुणाकारातलं एकच पद हवं असतं. होलोग्राफीचे जनक डेनिस गाबोर यांच्या १९४७च्या मूळ कल्पनेत दोन्ही बीम एकाच रेषेत होते, त्यामुळे खरी प्रतिमा आणि तिची जुळी एकमेकींवर चढायच्या. १९६२मध्ये लीथ आणि उपाटनिएक्स यांनी रेफरन्स बीम तिरका टाकला (हीच ऑफ-ॲक्सिस मांडणी) आणि ही पदं वेगळी पडली. तुमच्या संगणकात तेच घडायला हवं. होलोग्रामचा एफएफटी घ्या (म्हणजे त्यातल्या वारंवारतांचा नकाशा, स्पेक्ट्रम), परिमाणाचा लॉग काढून चित्र बघा. मध्ये एक मोठा धूसर डाग आणि त्याच्या दोन बाजूंना, समोरासमोर, दोन वेगळी बेटं दिसली पाहिजेत. बेटं डागात बुडालेली असतील किंवा दिसतच नसतील, तर कोडमध्ये काहीही बदला, उपयोग नाही. मांडणीकडे परत जायचं.

बेटं दिसली तर पुढचा क्रम सोपा आहे. एका बेटाभोवती गोल मास्क लावा, बाकी सगळं शून्य करा. बेटाचा मध्य स्पेक्ट्रमच्या मध्यावर सरकवा, उलटा एफएफटी घ्या. हाती येतं ते संमिश्र क्षेत्र, त्याचा कोन म्हणजे फेज. मग नमुना नसलेल्या स्वच्छ जागेचा दुसरा होलोग्राम घ्या, त्यावर अगदी तोच मास्क आणि तेवढंच सरकवणं करा, आणि पहिल्या क्षेत्राला दुसऱ्याच्या संयुग्मीने गुणा. उरलासुरला तिरकेपणा, ऑब्जेक्टिव्हची वक्रता, बीमस्प्लिटरच्या काचेचे दोष, सगळं बऱ्यापैकी वजा होतं. हा रिकामा होलोग्राम विद्यार्थी हमखास विसरतात, आणि मग फेजच्या चित्रात दिसणाऱ्या गोल गोल कड्या नमुन्याच्या समजून अहवालात छापतात. शेवटी अनरॅपिंग, म्हणजे दर २π नंतर फेज पुन्हा मागे उडी मारते त्या घड्या उलगडणं. त्यासाठी पायथनच्या स्किमेज लायब्ररीतलं तयार फंक्शन पुरेसं आहे. चित्रात पेशी फुगीर दिसण्याऐवजी खड्ड्यांसारख्या दिसल्या तर घाबरू नका, तुम्ही समोरचं बेट उचललंय.

आता बेटं वेगळी पडायला पट्टे किती बारीक हवेत? इथे अंदाजाने काम करू नका, पाच मिनिटांचं गणित आहे. ऑब्जेक्टिव्हमधून सेन्सरपर्यंत येणारी सर्वांत मोठी वारंवारता म्हणजे एनए भागिले तरंगलांबी, आणि ते भागिले मॅग्निफिकेशन. ०.६५ भागिले ०.६५ मायक्रॉन, भागिले ४०: ०.०२५ प्रति मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरला २५ रेषा. ही झाली बेटाची त्रिज्या. मधल्या डागाची त्रिज्या याच्या दुप्पट, ५०. दोन्ही एकमेकांना टेकू नयेत यासाठी बेटाचा मध्य निदान ७५ रेषांवर हवा, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर १३.३ मायक्रॉन. दोन बीममधला कोन होतो सुमारे २.८ अंश. पट्टे डोळ्यांना ‘दिसतात’ म्हणजे मॉनिटरवर मोठाले, वीस-तीस पिक्सेल रुंद दिसत असतील, तर कोन फार कमी आहे. सगळ्यात जास्त वेळा हीच चूक आढळते, कारण रुंद पट्टे जुळवायला सोपे आणि बघायला छान. पट्टे हवेत ते मॉनिटरवर झूम केल्याशिवाय राखाडी दिसण्याइतके बारीक.

हा हिशोब उलट्या बाजूनेही बघण्यासारखा आहे. मॅग्निफिकेशन कमी म्हणजे काम सोपं, असं वाटतं. पण १०× आणि ०.२५ एनएला सेन्सरवरची वारंवारता ३८.५ रेषा येते, ४०×पेक्षा जास्त. म्हणजे कमी मॅग्निफिकेशनच्या ऑब्जेक्टिव्हलाच बारीक पिक्सेल हवेत. ३.४५ मायक्रॉन पिक्सेलच्या सेन्सरची नायक्विस्ट मर्यादा (एका रेषेला निदान दोन पिक्सेल हवेत, त्यावरून) १४५ रेषा. १०×ला पट्टे सरळ उभे ठेवले तर ११५ अधिक ३८.५ म्हणजे १५४ लागतात, बसत नाहीत. तेच ४५ अंशांत तिरके केले की प्रत्येक अक्षावर ८२ अधिक ३८.५, म्हणजे सुमारे १२०, आरामात बसतात. पट्टे कर्णाच्या दिशेने ठेवणं फुकट आहे, नेहमी ठेवा.

आणि तुमचा वेबकॅम? समजा त्याचे पिक्सेल ३ मायक्रॉनचे आहेत. तो रंगीत असल्याने लाल फिल्टर चारांतल्या एकाच पिक्सेलवर, म्हणजे लालसाठी खरं अंतर ६ मायक्रॉन आणि मर्यादा ८३ रेषा. कर्णावर पट्टे ठेवले तर ४०×ला ५३ अधिक २५, म्हणजे ७८ लागतात. काठावर, पण बसतं. म्हणून म्हटलं, कॅमेऱ्याचा दोष अर्धाच.

उरलेला अर्धा दोष मात्र खरा आहे, आणि तो पिक्सेलचा नाही. वेबकॅम चित्र जेपेगमध्ये दाबून पाठवतो, आणि दाबताना पहिल्यांदा बळी जातात ते बारीक पट्टेच. शेजारचे रंग मिसळून तो मधले लाल पिक्सेल स्वतःच ‘भरतो’. ऑटो-एक्स्पोजर, ऑटो-गेन आणि गॅमा चालू असतात. गॅमामुळे तीव्रता सरळ रेषेत नोंदली जात नाही आणि स्पेक्ट्रममध्ये दुप्पट वारंवारतेची खोटी बेटं उगवतात. त्यामुळे ड्रायव्हरमधून कच्चा डेटा मिळत असेल तर तोच घ्या आणि फक्त लाल पिक्सेल वेगळे काढा. मिळत नसेल, तर रास्पबेरी पायचा एचक्यू कॅमेरा हा मधला मार्ग आहे: पिक्सेल १.५५ मायक्रॉन, लालसाठी ३.१, आणि कच्चा डेटा सरळ मिळतो. दोन्हींत रोलिंग शटर आहे. म्हणजे वरची ओळ आधी आणि खालची नंतर वाचली जाते, मध्ये मांडणी हलली की सरळ पट्टे नागमोडी होतात. पट्टे नागमोडी दिसले तर दोष कंपनांना द्या. एक्स्पोजर असं ठेवा की सर्वांत उजळ पिक्सेल २५५पैकी २००च्या आसपास राहील. पिक्सेल भरले की पुन्हा तीच खोटी बेटं.

आता मुंग्या. पट्ट्यांचा कॉन्ट्रास्ट मोजा: एका रेषेवरची कमाल वजा किमान, भागिले दोघांची बेरीज. ०.३च्या खाली असेल तर मी पुढे जात नाही. कारणं शोधताना बहुतेकजण दोन्ही बीमची तीव्रता समान करण्यात दिवस घालवतात. त्याचा फायदा कमी आहे: एक बीम दुसऱ्याच्या चौपट असला तरी कॉन्ट्रास्ट ०.८ मिळू शकतो, दहापट असला तरी ०.५७. त्याहून घातक आहे ध्रुवीकरण. दोन्ही बीम एकाच उंचीवर, टेबलाला समांतर ठेवा. कुठल्यातरी आरशाने बीम वर उचलून पुन्हा खाली आणला असेल तर ध्रुवीकरणाची दिशा फिरते आणि पट्टे फिके पडतात.

दुसरा संशयित म्हणजे पॉइंटर. स्वस्त लाल डायोड तापमान आणि करंट बदलला की एका मोडवरून (किंचित वेगळ्या तरंगलांबीवरून) दुसऱ्यावर उडी मारतो. त्या क्षणी पट्टे एकदम पुसट होतात आणि मिनिटभराने परत येतात. सेल उतरत जातात तसा करंटही उतरतो. सेल काढा. सुटा डायोड असेल तर ९ व्होल्टचा ॲडॅप्टर आणि एलएम३१७ हा आयसी करंट-सोर्स म्हणून जोडा. ४७ ओमच्या रेझिस्टरने साधारण २७ मिलिअँपिअर मिळतात. आपल्या डायोडची मर्यादा आधी बघा. मॉड्यूलमध्ये आतच ड्रायव्हर असेल तर हे करू नका, त्याला नुसता स्थिर व्होल्टेज द्या. तपकीर गल्लीत हे सगळं सुटं मिळतं. चालू केल्यावर वीस मिनिटं थांबा, मगच मोजायला बसा. दोन्ही भुजांची लांबी दोऱ्याने मोजून सारखी करा, काही मिलिमीटरपर्यंत, ऑब्जेक्टिव्ह आणि स्लाइडच्या काचेचा हिशोब धरून. विभागात हे-ने (हेलियम-निऑन) लेझर पडून असेल तर सरळ तो घ्या, त्याला वीसेक सेंटिमीटरची सूट चालते. हिरवा पॉइंटर मात्र नको. त्याचे अनेक मोड एकदम चालतात, आणि स्वस्तातल्या पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर पडतो, जो डोळ्यांसाठी जास्त वाईट. तसंही, बीमच्या पातळीवर डोळे आणू नका आणि हातातलं घड्याळ काढून ठेवा.

तिसरं, कंपनं. ४५ अंशांतला एखादा आरसा पृष्ठभागाला लंब दिशेने ११५ नॅनोमीटर सरकला तर प्रकाशाचा मार्ग सुमारे १६० नॅनोमीटरने बदलतो, म्हणजे पाव तरंगलांबी. एक्स्पोजर चालू असताना एवढं झालं की पट्टे पुसायला लागतात. रस्त्यावरून बस गेली, लिफ्टचं दार आपटलं, तरी एवढं होतं. म्हणून एक्स्पोजर १ मिलिसेकंदाच्या खाली आणा, उजेड कमी पडत नाही. टेबलासाठी ऑप्टिकल बोर्ड नसेल तर ओट्याला वापरतात तो कडप्पा चालतो: दोन बाय तीन फुटांच्या दोन लाद्या, मध्ये जाड सतरंजी, आणि खाली स्कूटरच्या चार ट्यूब अर्ध्या हवेने भरून. ट्यूब नाना पेठेत मिळतील. हवा पूर्ण भरली तर उपयोग जातो, दाबल्यावर बोट आत गेलं पाहिजे. खांब आखूड ठेवा. सहा इंचांचा बारीक खांब म्हणजे ट्यूनिंग फोर्कच. वरून थर्मोकोलचा खोका उपडा घाला आणि पंखा बंद करा, कारण गरम हवेचा झोतही फेज बदलतो. गणपतीआधीच्या दोन महिन्यांत नदीकाठच्या इमारतीत संध्याकाळी मोजमाप ठेवू नका. ढोलाच्या कमी वारंवारतेला ट्यूब फारशा अडवत नाहीत.

तरीही फ्रेमागणिक सगळं चित्र मिळून फेज थोडी वर-खाली होईलच. ते चालतं. प्रत्येक फ्रेममध्ये नमुना नसलेला एक कोपरा निवडा आणि तिथली सरासरी फेज वजा करा. ऑफ-ॲक्सिसचा हाच मोठा फायदा: एक फ्रेम पुरते. फेज-शिफ्टिंग पद्धतीत पाव-पाव तरंगलांबीने रेफरन्स सरकवत सहसा चार फ्रेम घ्याव्या लागतात, आणि त्या चारांमध्ये काहीच हलायचं नाही. कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर ती पद्धत मी सुचवणार नाही.

कांद्याचा पापुद्रा सुरुवातीला बाजूला ठेवा. शाळेपासून तो ओळखीचा असला तरी होलोग्राफीला सोयीचा नाही. पेशी दहा-दहा मायक्रॉनच्या घरात जाड, भिंतींपाशी फेज अचानक उडी मारते आणि अनरॅपिंग तिथेच फसतं. शिवाय स्लाइडच्या कडांनी पाणी सुकत जातं आणि दहा मिनिटांत चित्र सरकतं. कडा नेलपॉलिशने बंद कराव्या लागतात. गालाच्या आतल्या पेशी घ्या, आइस्क्रीमच्या काडीने. त्या चपट्या असतात, फेज सहसा काही रेडियनच्या आत राहते. आणि आकडा खरा येतोय का हे तपासायला १० मायक्रॉनचे पॉलिस्टायरिनचे मणी इमर्शन ऑइलमध्ये टाका. पॉलिस्टायरिनचा अपवर्तनांक सुमारे १.५८५, तेलाचा १.५१५, फरक ०.०७. मण्याच्या मध्यावर फेज यायला हवी २π गुणिले ०.०७ गुणिले १०, भागिले ०.६५, म्हणजे साधारण ६.८ रेडियन. एकच घडी पडते, ती सुटते. तेच मणी पाण्यात टाकले तर सुमारे २४ रेडियन होतात आणि कडेला पट्टे इतके दाटतात की उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही.

थ्रीडीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण प्रकल्पाच्या शीर्षकात हा शब्द घातला की परीक्षक नेमकं तेच विचारतात. एका होलोग्राममधून मिळते ती प्रत्येक बिंदूवरची प्रकाशमार्गाची एकूण लांबी, म्हणजे जाडी आणि अपवर्तनांकातला फरक यांचा गुणाकार. दोन्ही सुटे होत नाहीत. रक्तातली लाल पेशी २ मायक्रॉन जाड आणि फरक ०.०६ धरला तर १.१६ रेडियन येतात. जाडी अर्धी आणि फरक दुप्पट असेल तरी तेवढेच. पेशीच्या आत खोलीनुसार काय कुठे आहे, हे यातून कळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या कोनांतून डझनावारी होलोग्राम घेऊन टोमोग्राफी करावी लागते. तिचं गणित एमिल वोल्फ यांनी १९६९मध्ये मांडलं, पण ते एका सत्राचं काम नव्हे.

जे मिळतं तेही कमी नाही. फोकसबाहेरचा नमुना नंतर संगणकात फोकसमध्ये आणता येतो, अँग्युलर स्पेक्ट्रम पद्धतीने. इथे एक चूक ठरलेली: अंतर कुठल्या बाजूचं? कॅमेऱ्याच्या बाजूने मोजलं तर ते मॅग्निफिकेशनच्या वर्गाने वाढतं. नमुना १० मायक्रॉन सरकला तर ४०×ला प्रतिमा १६ मिलिमीटर सरकते. गोंधळ नको असेल तर पिक्सेलला ४०ने भागा आणि नमुन्याच्या बाजूची अंतरं वापरा. ०.६५ एनएला ओळखू येणारं सर्वांत लहान आवर्तन सुमारे १ मायक्रॉन, खोलीतली अचूकता त्याहून कमी. तरंगणाऱ्या मण्यांचा त्रिमितीय माग काढणं हा तुमच्या सामानात बसणारा प्रामाणिक थ्रीडी प्रकल्प आहे.

मांडणी काही केल्या स्थिर होत नसेल तर माख-झेंडर सोडून द्या. ऑब्जेक्टिव्हच्या पुढे, बीमच्या वाटेत ४५ अंशांत एक जाड काच उभी करा. पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेले दोन बीम एकमेकांपासून थोडे सरकतात आणि तेच एकमेकांना रेफरन्स होतात. ५ मिलिमीटरच्या काचेला हे सरकणं सुमारे ३.७ मिलिमीटर, म्हणजे नमुन्यावर ९० मायक्रॉनच्या आसपास. दोन्ही बीम एकाच वाटेने येत असल्याने बस गेली काय आणि ढोल वाजला काय, पट्टे जवळजवळ हलत नाहीत. तीव्रताही आपोआप जुळलेल्या. मर्यादा दोन: नमुना विरळ हवा, नाहीतर एक पेशी दुसरीच्या अंगावर येते, आणि ऑब्जेक्टिव्हपासून १५ सेंटिमीटरवर ५ मिलिमीटरच्या काचेने पट्टे मिलिमीटरला ३८च येतात. ७५ लागतात, म्हणून एक तर १० मिलिमीटरची काच घ्या किंवा मास्क लहान करून थोडा बारकावा सोडा. खिडकीची काच लहरी असते, जुन्या उपकरणातली घासलेली काच शोधा. (बेटं थोडी एकमेकांवर चढलीच तर ऑप्टिमायझेशनने सोडवायची पद्धत दिल्लीच्या आयआयटीतल्या केदार खरे आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये दिली आहे, पण आधी साधा मास्क चालवून बघा.)

पैसे खर्च करायचेच असतील तर माझा क्रम असा: आधी लेझर, मग २५ मायक्रॉनचं पिनहोल आणि ते जुळवायचा चांगला माउंट, त्यानंतर कॅमेरा. कॅमेरा घेताना मोनोक्रोम, ग्लोबल शटर (सगळ्या ओळी एकदम टिपणारं) आणि ३.४५ मायक्रॉन एवढं बघा. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका.

पुन्हा विचारायला याल तेव्हा चार चित्रं जोडा: नमुना नसलेला कच्चा होलोग्राम पीएनजीमध्ये, त्याच्या एफएफटीचा लॉग, आणि एकेक भुजा झाकून घेतलेल्या दोन फ्रेम. जेपेग नको, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेलं तर अजिबात नको.